सहा एचएफ आणण्याआधी पावसाळ्याचा हिशेब मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संगमेश्वर तालुक्यात वडिलोपार्जित घर, जांभ्या चिऱ्याचा जुना गोठा, दीड एकर भात आणि थोडी वरकस (डोंगरउताराची हलकी) जमीन आहे. मुंबईची नोकरी सोडून गावी आलात. मे महिन्यात घाटावरच्या बाजारातून सहा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायी आणायचा विचार आहे. गोठा, चारा आणि आजार यांची मूलभूत माहिती हवी आहे, शिवाय पाडे वाढवून मांसासाठी विकता येतील का, हेही विचारलंत.

मी 26 वर्षं पशुधन पर्यवेक्षक म्हणून रत्नागिरी जिल्ह्यात फिरलो. आता घरच्या तीन गायी आणि दोन म्हशी सांभाळतो. त्या अनुभवावर सांगतो, गोड लागेलच असं नाही.

शेवटचा प्रश्न आधी निकालात काढू. महाराष्ट्रात 1976 चा प्राणी रक्षण कायदा आहे आणि 2015 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर गाय, वळू, बैल या सगळ्यांच्याच कत्तलीला बंदी आहे. त्यामुळे गायवर्गाचे पाडे मांसासाठी वाढवणं हा धंदा आपल्याकडे होऊच शकत नाही. म्हशी-रेड्यांना ही सरसकट बंदी नसली तरी तिथेही कत्तलीला योग्य असल्याचा दाखला लागतो, आणि नवख्या माणसाने पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नये. पाडे नकोच असतील तर रेतन करताना लिंगनिर्धारित वीर्यमात्रा मागा. साधारण 90 टक्के वेळा कालवड होते.

आता एचएफ. ही थंड देशातली गाय. घाटावर, कोरड्या हवेत, ती उसाच्या वाढ्यांवर आणि मक्याच्या मुरघासावर पंधरा-वीस लिटर देते म्हणून तुम्हाला भुरळ पडली आहे. कोकणात तापमान 32 अंशच असतं, पण हवा इतकी दमट की जनावराचा घाम वाळत नाही, अंगातली उष्णता बाहेर जात नाही. गाय उभी असताना तिच्या कुशीची हालचाल मोजा. मिनिटाला 20-30 श्वास ठीक. साठाच्या वर गेले, तोंड उघडं पडलं, लाळ गळू लागली की समजा, तिचं खाणं कमी झालंय आणि दूध उतरणार. माजही नीट दिसत नाही, गाभण राहत नाही. फॉगर (हवेत बारीक तुषार सोडणारं यंत्र) लावा असं कोणी सांगेल. देशावर तो उपयोगी आहे, आपल्याकडे हवेत आणखी ओल भरून तो त्रासच वाढवतो. इथे पाइपने गायीचं अंग चांगलं भिजवायचं आणि वर पंखा लावायचा. वारा अंगावरून फिरला तरच गारवा लागतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. एचएफऐवजी जर्सी संकर घ्या, जर्सी रक्ताचं प्रमाण निम्म्याच्या आसपास असलेल्या. जर्सी अंगाने लहान, खाते कमी, फॅट साडेचार-पाचपर्यंत जाते. सोबत एक म्हैस, कारण घरगुती गिऱ्हाइकाला आणि हॉटेलवाल्याला दाट दूध हवं असतं. आणि सहा नकोत, दोन गायी आणि एक म्हैस घेऊन एक पावसाळा काढा. आपली कोकण कपिला ही राष्ट्रीय पातळीवर नोंद झालेली जात आहे, डोंगरउतार चढते, गोचिडांना आणि पावसाला पुरून उरते. पण ती दोन लिटरच्या आसपास दूध देते. तिच्यावर डेअरीचा धंदा उभा राहणार नाही, घरचं दूध आणि शेण मात्र जवळजवळ फुकटात मिळतं. दारात एखादी असू द्या.

सहा का नकोत, ते कागदावर मांडू. एका जनावराला दिवसाला सहा किलो सुका चारा धरा. जून ते सप्टेंबर 120 दिवस. एकाला 720 किलो, सहांना 4,320 किलो. तुमचा दीड एकर म्हणजे 60 गुंठे. भात बरा आला तर गुंठ्याला साधारण 50 किलो पेंढा, म्हणजे झाला 3,000 किलो. तुमच्या शेतातला सगळा पेंढा नुसत्या पावसाळ्यालाही पुरत नाही, मग उरलेले आठ महिने कुठून आणणार? पावसाळ्यात हिरवं गवत भरपूर आहे हे खरं, पण त्यात पाणीच जास्त असतं. नुसतं कोवळं गवत खाऊन गाय पातळ हगते आणि दूध पाण्यासारखं होतं. सुकं पोटात गेलंच पाहिजे.

त्यातही भाताचा पेंढा हा सगळ्यात हलका चारा. प्रथिनं तीन-चार टक्के, आणि त्यातलं ऑक्झलेट गायीच्या खाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं. कोकणातल्या गायी विण्याच्या सुमारास बसतात, सड थंड पडतात, माज उशिरा येतो, यामागे हे एक मोठं कारण आहे. दुसरं कारण आपली तांबडी जांभा माती, तिच्यात स्फुरद (फॉस्फरस) कमी आणि म्हणून गवतातही कमी. यावरचा उपाय म्हणजे चांगल्या प्रतीचं खनिज मिश्रण, मोठ्या जनावराला रोज 50 ग्रॅम, जास्त दुधाच्या गायीला त्याहून अधिक, आणि मीठही चिमूट-दोन चिमूट नव्हे, 30 ग्रॅम. ‘गेल्या महिन्यात एक पुडा आणला होता’ याला खनिज मिश्रण देणं म्हणत नाहीत.

पेंढा सुधारायचा असेल तर युरिया प्रक्रिया करा. 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया, 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थर देत शिंपडायचा, पायाने दाबत जायचं, ताडपत्रीने हवाबंद करून 21 दिवस ठेवायचं. उघडल्यावर तासभर हवेवर पसरून मग घाला. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा चारा नाही. आणि युरियाचं पाणी जनावराच्या तोंडाला लागेल असं उघडं ठेवू नका, त्याने जनावर तासाभरात मरतं. मी पाहिलंय.

डोंगरी गवताबाबत आपल्याकडे एक जुनी खोड आहे. दिवाळीनंतर, गवत पिवळं पडून बी झडल्यावर कापायचं. तोवर त्यात काडीच उरते. फुलोऱ्यात, दसऱ्याच्या सुमारास, उघडीप मिळेल तसं कापलं आणि दोन उन्हं दाखवली तर त्याच गवतात जीव असतो. विहिरीला पाणी असेल तर पाच-सहा गुंठ्यांत संकरित नेपिअर लावा, यशवंत किंवा फुले जयवंत. जिथे पाणी साचतं अशा मळ्याच्या कडेला पॅरा गवत छान येतं. कुंपणाला ग्लिरिसिडिया आणि शेवगा लावा, एप्रिलमध्ये तोच हिरवा पाला हाताशी असतो. पेंडीचं गणित सोपं आहे: शरीराला दीड किलो, त्यावर गायीला लिटरमागे 400 ग्रॅम आणि म्हशीला 500 ग्रॅम. विण्याआधीच्या दोन महिन्यांत दूध आटवलेलं असलं तरी दीड किलो जास्तच. लोक नेमकी तेव्हाच पेंड बंद करतात, कारण डोळ्यासमोर दूध दिसत नाही.

उडवीची, म्हणजे पेंढा रचून ठेवायची, जागा नीट निवडा. उंच ओटा, खाली दगड-लाकडाचा माच, वर झड लागणार नाही असं छप्पर. ताडपत्रीखाली भिजलेला पेंढा वरून सुका दिसतो आणि आतून काळ्या-गुलाबी बुरशीने भरलेला असतो. एकदा ऑगस्टमध्ये एका घरी मला बोलावलं. म्हशीच्या शेपटीचा शेंडा सुकून काळा पडला होता, कानांच्या कडा वाळल्या होत्या, पायाला खुरांच्या वर जखमा. घरच्यांना वाटलं साप चावला. पेंढ्याची पेंडी सोडली तर धूर निघावा तशी बुरशी उडाली. याला डेगनाला म्हणतात, भाताच्या बुरशीच्या पेंढ्याचाच रोग. पेंढा बदलला तशी म्हैस वाचली, शेपूट मात्र वीतभर गेली.

तुमचा गोठा चिऱ्याचा आहे, चांगलं आहे, पण त्याचे दोन दोष आहेत. पूर्वी बिबट्याच्या भीतीने आणि पावसाच्या झडीने गोठे चहूबाजूंनी बंद बांधत. आत शिरलं की डोळे चुरचुरतात, तोच लघवीतला अमोनिया. तुम्हाला झोंबला तर चोवीस तास आत बांधलेल्या वासराच्या फुप्फुसाचं काय होत असेल? भिंत चार फुटांवर थांबवा, वर मजबूत जाळी बसवा, छपराची पडवी तीन-चार फूट बाहेर काढा. पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून झड येते, त्या बाजूला पावसाळ्यापुरती माडाची झापं टांगा आणि ऑक्टोबरात काढून टाका. जमिनीला 40 फुटांना एक फूट उतार द्या, कोबा गुळगुळीत नको, खरवडलेला हवा. एका गायीला आडोशाखाली निदान चाळीस चौरस फूट.

दुसरा दोष चिऱ्याची भोकं. गोचिडीची मादी रक्त पिऊन टच्च झाली की जनावरावरून उतरते आणि भिंतीच्या फटीत जाऊन दोन-तीन हजार अंडी घालते. गायीवर दिसतात त्या गोचिडी म्हणजे एकूण पसाऱ्यातला थोडासा भाग, बाकी सगळ्या भिंतीत. म्हणून नुसती गायीवर औषध फवारून काही होत नाही. गव्हाणीच्या उंचीपर्यंत आतून गिलावा करा, उरलेल्या फटींना चुना भरा, आणि गायीवर व भिंतीवर एकाच दिवशी फवारा. पंधरा दिवसांनी पुन्हा. फवारताना वासरं आणि पाण्याची भांडी बाहेर काढा. आणि गायीच्या अंगावरच्या गोचिडी उपटून नखाने चिरडू नका. सावंतवाडी-दोडामार्गाकडे माकडताप गोचिडीतूनच माणसाला होतो, आणि जंगलात चरलेली गुरं त्या गोचिडी घरापर्यंत आणतात.

गोचिडींवर एवढं बोलतोय, कारण माझी पहिली जर्सी संकर गाय गोचीडतापानेच गेली. नोकरीला लागून तीन-चार वर्षं झाली होती, स्वतःला शहाणा समजत होतो. मे महिना, घाटावरून आणलेली गाय, अंग तापलं, खाणं सोडलं. मी म्हटलं उन्हाचा ताप. थर्मामीटर लावलं तेव्हा 106. खांद्याच्या पुढची गाठ लिंबाएवढी सुजली होती, ती मी चाचपलीच नाही. तिसऱ्या दिवशी हिरड्या पांढऱ्या पडल्या आणि धाप लागली. थायलेरिया होता. आधीच्या दिवशी योग्य इंजेक्शन मिळालं असतं तर गाय उठली असती. देशी जनावराला हा आजार सहसा एवढा झोपवत नाही, संकरित गायीला मारतो. म्हणून घरात थर्मामीटर ठेवा. गायीचं तापमान साडेएकशेएक फॅरनहाइटच्या आसपास असतं. 103 च्या वर गेलं की खांद्यापुढच्या गाठी चाचपा आणि 1962 ला फोन करा, सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा तो निःशुल्क क्रमांक आहे. घरातल्या कपाटातलं अँटिबायोटिक टोचत बसू नका.

असाच घोळ लाल लघवीचा. ‘तांबडं मुततंय’ एवढा निरोप आला की दोन गोष्टी विचारायच्या: व्यायली कधी, आणि ताप आहे का? ताप आहे, अंगावर गोचिडी आहेत, तर बबेसिया, हाही एक गोचीडतापच. ताप नाही, म्हैस विऊन दोन-चार आठवडे झालेत, दूध भरपूर देते, तर स्फुरदाची कमतरता. रक्तपेशी फुटतात आणि लघवी कॉफीसारखी होते. दोन्हींचे उपचार पूर्ण वेगळे. एकाला बबेसियाचं इंजेक्शन, दुसऱ्याला शिरेतून स्फुरद. स्फुरदाची म्हैस गोचीडतापाच्या औषधावर तीन दिवस ठेवली तर हातची जाते. कोकणात दुसरा प्रकार विण्याच्या हंगामात हमखास भेटतो, आणि कित्येक घरांत तोवर गाऱ्हाणं घालून, नारळ फोडून झालेला असतो. गाऱ्हाणं घाला, हरकत नाही, पण फोन आधी करा.

जर्सी घेतलीत तर दुग्धज्वर ओळखायला शिका. विल्यापासून तीन दिवसांत गाय बसते, मान वळवून कुशीला लावते, कान गार, ताप नाही, उलट अंग थंड. कॅल्शियम शिरेतून हळूहळू द्यावं लागतं, ते डॉक्टरचंच काम. तोवर तिला छातीवर बसती ठेवा, पोत्यांचा आधार द्या. बसलेल्या अर्धवट शुद्धीतल्या गायीच्या तोंडात बाटलीने काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जातं. चिकाच्या दिवसांत कास पूर्ण पिळून काढायची नाही.

जंत म्हटलं की लोक एक गोळी वर्षातून एकदा देतात. आपल्या भातखाचरांत गोगलगायी असतात आणि त्यांच्यातून पानासारखे चपटे कृमी जनावराच्या यकृतात जातात. पावसाळ्यानंतर जनावर रोडावतं, केस राठ होतात, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते. साध्या गोल जंताच्या औषधाने हे मरत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पर्णकृमींवर चालणारं औषध द्या, त्याआधी शेण तपासून घ्या, दवाखान्यात होतं. गाभण गायीला पहिल्या महिन्यांत अल्बेंडाझोल नको. म्हशीच्या रेडकाला मात्र दहाव्या दिवशीच जंताचं औषध हवं, कारण त्याला जंत आईच्या दुधातूनच येतात. वासराला आणि रेडकाला जन्मल्यावर तासा-दोन तासांत चीक पाजा, दिवसभरात वजनाच्या दहाव्या भागाइतका. वार (विल्यानंतर पडणारी झिल्ली) पडेपर्यंत चीक काढायचा नाही, ही समजूत किती वासरांच्या जिवावर उठली असेल. नाळेला टिंक्चर आयोडिन लावा. वार बारा तासांत पडली नाही तर डॉक्टर, ओढायची नाही आणि वीट बांधायची तर अजिबात नाही.

लसींचं थोडक्यात. घटसर्प आणि फऱ्या मे महिन्यात, पाऊस पडण्याआधी. लाळ्या खुरकूत दर सहा महिन्यांनी. लम्पी त्वचारोगाची वर्षातून एकदा, 2022 मध्ये त्याने किती गुरं गेली ते विसरू नका. ब्रुसेलाची (गाभ पाडणाऱ्या रोगाची) फक्त कालवडींना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच. कानात 12 अंकी पिवळा बिल्ला मारून घ्या, त्याशिवाय नोंद होत नाही.

कासदाह, म्हणजे कासेची सूज, हा पावसाळ्याचा खरा चोर. गाय ओल्या शेणात बसते, सडाचं तोंड दूध काढल्यावर अर्धा तास उघडं असतं. त्यामुळे दूध काढून झालं की सड आयोडिनच्या द्रावणात बुडवा आणि लगेच गव्हाणीत चारा टाका, म्हणजे ती उभी राहील. पहिल्या दोन धारा काळ्या फडक्यावर काढून बघा, गुठळी दिसली तर ती गाय शेवटी पिळा. अंगठा मुडपून पिळणाऱ्याला हात बदलायला लावा, पूर्ण मुठीने पिळायचं. खुरं सडू लागली तर पाच टक्के मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) पाण्यातून चालवा. सुपारीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी आणलेला मोरचूद घरात असतोच. गोठ्यात काम करणाऱ्याने पायाला जखम असताना अनवाणी चिखलात उतरू नये, लेप्टोने (लेप्टोस्पायरोसिस या तापाने) दरवर्षी माणसं जातात.

आणखी एक आपल्याकडचाच प्रकार. गणपतीत, लग्नसराईत उरलेला भात घमेलंभर गायीपुढे ओतायचा, पुण्य म्हणून. एवढा शिजलेला भात पोटात आंबतो, आम्ल तयार होतं, दुसऱ्या दिवशी गाय पोट फुगून आडवी. काजूची बोंडं आणि फणसाचे गरेही तसेच, पाटीभर टाकले की गाय झिंगते. सवय नसलेल्या जनावराला भात मूठभरही पुरे. खाऊन झालंच असेल तर 100-150 ग्रॅम खायचा सोडा पाण्यात मिसळून, जनावर उभं आणि शुद्धीत असेल तरच, सावकाश पाजा आणि डॉक्टरला बोलवा.

खरेदीचं. मेमध्ये आणू नका. उन्हाळ्याचा प्रवास, नवं पाणी आणि डोक्यावर पावसाळा, गायीला सावरायला वेळच मिळत नाही. नोव्हेंबर ते जानेवारीत आणा. दुसऱ्या वेताची, विऊन दीड महिन्याच्या आतली. संध्याकाळ, सकाळ आणि पुन्हा संध्याकाळ, तीन वेळा स्वतःसमोर पिळून घ्या, पहिली एक वेळ मुद्दाम तुंबवलेली असू शकते. चारही सड स्वतःच्या हाताने पिळून बघा. ब्रुसेलासाठी रक्त तपासा, हा रोग माणसालाही होतो. आणल्यावर तीन आठवडे बाकी गुरांपासून लांब बांधा.

रेतनाचं एवढंच लक्षात ठेवा: सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. म्हैस मुका माज करते, तिला रोज पहाटे बघायला लागतं. गाय नऊ महिने आणि वर थोडे दिवस, म्हैस दहा महिने आणि वर. प्रत्येक तारीख वहीत लिहा, भिंतीवर कोळशाने नको, पावसात पुसते.

दुधाच्या पैशावर सगळा हिशेब बसवू नका. कोल्हापूरकडून पिशव्या येतात आणि त्यांच्या भावाशी तुम्हाला झुंजता येणार नाही. शेजारच्या पाच-दहा घरांना ताजं दूध स्वतः पोचवा, तो भाव वेगळा. आणि शेणखत. एक संकरित गाय दिवसाला पंधरा किलो तरी शेण देते. हापूसच्या बागांना खत पावसाच्या तोंडावर घालतात, म्हणून मेच्या अखेरीस बागायतदार तुमच्या उकिरड्याकडे येतात. वर छप्पर घालून, पालापाचोळा मिसळून कुजवलेलं खत असेल तर ट्रॉलीला ते उघड्यावर भिजलेल्या शेणापेक्षा बरेच जास्त मोजतात. माझ्याकडचे दोघे बागायतदार तर मार्चमध्येच पैसे देऊन ट्रॉल्या राखून ठेवतात.